‘गोळी सोडणे’ आणि ‘गोळी सुटू देणे’ : नेमबाजीच्या एका प्रशिक्षणवर्गाची भाषा

१. विषय आणि मर्यादा

कौशल्य शिकविताना भाषा नेमके कोणते कार्य करते, या प्रश्नाचा विचार आपल्याकडे बहुधा परिभाषेच्या अंगाने होतो. एखाद्या विषयाच्या संज्ञा मराठीत सिद्ध झाल्या की तो विषय मराठीतून शिकविता येईल, असे आपण गृहीत धरतो. हे गृहीतक कितपत ग्राह्य आहे, हे पाहण्यासाठी सर्वस्वी शारीरिक स्वरूपाचे कौशल्य निवडणे सोयीचे ठरते. त्यात शिक्षकाचा शब्द आणि शिष्याची कृती यांतील अंतर लगेच मोजता येते.

नेमबाजी हे असे कौशल्य आहे. महाराष्ट्रात या क्रीडेविषयीचे कुतूहल अलीकडे वाढले आहे. तेजस्विनी सावंत यांनी २०१० साली म्यूनिक येथे ५० मीटर रायफल प्रकारात जागतिक अजिंक्यपद मिळविले आणि स्वप्निल कुसाळे यांनी २०२४ साली पॅरिस ऑलिंपिकमध्ये ५० मीटर रायफलच्या तीन स्थितींच्या स्पर्धेत कांस्यपदक पटकाविले. दोघेही कोल्हापूर जिल्ह्यातील. प्रस्तुत लेखकाने गेल्या हिवाळ्यात शनिवार-रविवार असा दोन दिवस चालणारा नवशिक्यांचा एक वर्ग विद्यार्थी म्हणून पूर्ण केला. शिकविणारे गृहस्थ निवृत्त सैनिक होते. शिकणाऱ्यांत महाविद्यालयीन मुले-मुली, दोन शिक्षिका आणि एक बँक कर्मचारी होते. शस्त्र म्हणजे १० मीटर अंतरावरून झाडावयाची एअर रायफल. पुढील विवेचन या एका वर्गातील निरीक्षणांवर आधारलेले आहे. त्यावरून व्यापक सिद्धान्त मांडण्याचा हेतू नाही.

२. संज्ञांचा थर

नामांचा विचार थोडक्यात उरकता येतो, कारण तेथे फारशी अडचण नाही. शस्त्रांबरोबर शब्द येतात, आणि ते ज्या वाटेने आले ती वाट शब्दांवर उमटते. ‘बंदूक’ हा शब्द अरबीतून आला. तेथे ‘बुंदुक’ म्हणजे मुळात एक कवचफळ, आणि त्या आकारावरून गोळी. ‘काडतूस’ आणि ‘पिस्तूल’ हे पोर्तुगीजांशी आलेल्या संबंधाचे अवशेष होत. ‘रायफल’ इंग्रजी असून नळीच्या आत कोरलेल्या सर्पिल खोबणींवरून ते नाव पडले. यांच्या शेजारी ‘नळी’, ‘दस्ता’, ‘छरा’, ‘चाप’ असे घरचे वा घरचे झालेले शब्द सुखाने नांदतात. नळीच्या टोकावरील उंचवट्याला ‘माशी’ म्हणतात. हिंदीत त्याच जागी ‘मक्खी’ आहे. जुन्या बंदुकीवर आघात करणारा जो भाग बाहेर दिसे त्याला ‘घोडा’ म्हणत. तो भाग यंत्राच्या पोटात दडल्यावर लोकांनी ते नाव चापाला देऊन टाकले.

वर्गात या शब्दांचा मुक्त संकर चालू होता. ‘फोरसाइट’ आणि ‘माशी’ एकाच वाक्यात येत आणि कोणाचेही अडत नसे. नामाचा अर्थ बोट दाखवून सांगता येतो, त्यामुळे ते कोणत्या भाषेतून आले आहे याने शिकण्यात फारसा फरक पडत नाही. खरी अडचण क्रियापदांपाशी सुरू होते. क्रियेकडे बोट दाखविता येत नाही, आणि नेमबाजीतील महत्त्वाच्या क्रिया तर बाहेरून दिसतही नाहीत.

३. आज्ञा

गोळीबाराच्या रेषेवर वापरली जाणारी भाषा अत्यंत तुटपुंजी असते, आणि ती तशी असणेच इष्ट आहे. आंतरराष्ट्रीय स्पर्धांत ‘लोड’, ‘स्टार्ट’, ‘स्टॉप’, ‘अनलोड’ एवढ्या शब्दांवर काम भागते. राष्ट्रीय छात्रसेनेतून आलेल्यांच्या कानांत ‘भर’ आणि ‘खाली कर’ या हिंदी आज्ञा असतात. आमच्या वर्गात शिक्षकांनी पहिल्याच तासाला सांगितले, “इथं दोनच शब्द मराठीत ऐकाल : ‘भरा’ आणि ‘थांबा’. ‘थांबा’ कुणीही म्हणू शकतो. मी म्हणायची वाट पाहायची नाही.”

या निवडीमागे त्यांचा अनुभव होता. परंतु तिचे ध्वनिशास्त्रीय समर्थनही करता येते. शेजारच्या ५० मीटरच्या पल्ल्यावर पॉइंट टू टू रायफली चालू असल्याने सर्वांचे कान झाकलेले होते. अशा स्थितीत ‘लोड’ आणि ‘अनलोड’ यांतील भेद केवळ आरंभीच्या एका अवयवावर अवलंबून राहतो. तो ऐकू आला नाही, तर आज्ञेचा अर्थ नेमका उलटा होतो. ‘भरा’ आणि ‘रिकामी करा’ यांत असा धोका नाही. आरंभीचा एखादा अवयव ऐकू आला नाही तरी दोहोंची गल्लत होत नाही. ‘थांबा’ या शब्दाच्या शेवटी दीर्घ विवृत स्वर आहे, आणि ओरडताना तो हवा तितका लांबविता येतो. ‘स्टॉप’ मधील ऱ्हस्व स्वर पुढील स्पर्शव्यंजनाने चटकन बंद होतो.

दुसरे निरीक्षण शब्दक्रमाचे. मराठीत निषेध क्रियापदानंतर येतो. ‘गोळी झाडू नका’ या वाक्यात ऐकणाऱ्याला झाडण्याची क्रिया आधी भेटते आणि तिचा नकार मागाहून. निवांत संभाषणात याने काही बिघडत नाही. पण ज्याचे बोट चापाजवळ आहे, त्याच्याशी बोलताना नकारार्थी वाक्य टाळावे, हे उघड आहे. शिक्षकांच्या रेषेवरील बोलण्यात दोन दिवसांत एकही निषेधात्मक आज्ञा आढळली नाही. ‘चापाला हात लावू नका’ असे न म्हणता ते ‘बोट बाहेर’ म्हणत.

४. लक्ष आणि लक्ष्य

‘लक्ष’ आणि ‘लक्ष्य’ हे शब्द एकाच धातूपासून आलेले आहेत, आणि जे लक्ष्य त्याच्यावर लक्ष हवे, असे आपल्याला भाषाच सुचविते. द्रोणाचार्यांच्या परीक्षेत अर्जुनाला पक्ष्याच्या डोळ्याखेरीज काही दिसले नाही, ही लहानपणापासून ऐकलेली कथा त्या समजुतीला बळकटी देते. वर्गातील एका मुलीने ती सांगितलीही. शिक्षक हसून म्हणाले, “अर्जुनाला माशी नव्हती, ताई.”

त्यांच्या विनोदात प्रकाशशास्त्र होते. मागील छिद्र, पुढील माशी आणि दूरचा लक्ष्यफलक हे तिन्ही वेगवेगळ्या अंतरांवर असतात. डोळ्याचे भिंग एका वेळी यांपैकी एकच स्पष्ट दाखवू शकते. नवशिक्याला माशी स्पष्ट आणि लक्ष्य धूसर ठेवावयास सांगतात. याचे कारण प्रमाणाच्या साध्या हिशेबात आहे. दोन दर्शकांमधील अंतर ७५ सें.मी. मानले आणि माशी १ मि.मी. जरी बाजूला गेली, तरी १० मीटरवर सुमारे १३ मि.मी.ची चूक होते. या लक्ष्यफलकावरील लगतच्या वर्तुळांच्या त्रिज्यांत २.५ मि.मी.चा फरक असतो, म्हणजे पाच वर्तुळे हातची गेली. दहा गुणांचा ठिपका तर अवघा ०.५ मि.मी. व्यासाचा, त्यावर झाडावयाच्या ४.५ मि.मी.च्या छऱ्याहूनही लहान. लक्ष्य किंचित धूसर दिसल्याने होणारी हानी याच्या तुलनेत नगण्य असते.

तात्पर्य, येथे लक्ष लक्ष्यावरून काढून घ्यावे लागते. शब्दांच्या सहवासाने जी समजूत रुजविली, ती शिक्षकाला प्रयत्नपूर्वक सोडवावी लागते.

५. ओढणे, आवळणे, दाबणे

चापाच्या बाबतीत हीच अडचण अधिक तीव्र होते. मराठीत ‘चाप ओढणे’ हा रूढ प्रयोग आहे. ‘ओढणे’ या क्रियापदात हाताचे बळ, झटका आणि वस्तूचे स्थानांतर या तिन्ही अर्थच्छटा आहेत. दोरी ओढतात, गाडी ओढतात. नवशिक्या हा शब्द शब्दशः आचरणात आणतो आणि संपूर्ण रायफल उजवीकडे हलवितो.

इंग्रजीतही ‘पुल’ या रूढ शब्दाऐवजी शिक्षक ‘स्क्वीझ’ वापरतात. आमच्या वर्गातही प्रथम तोच शब्द आला. एका विद्यार्थ्याने त्याचा अर्थ ‘आवळणे’ असा घेतला आणि मूठच आवळली. पाच छऱ्यांची छिद्रे कागदभर विखुरली. त्याचे काही चुकले असे म्हणता येत नाही. लिंबू पिळताना वा मूठ आवळताना सगळी बोटे एकत्र मिटतात. चापाला मात्र एकट्या तर्जनीने, इतर बोटांना न कळविता, दाब हवा असतो. शिक्षकांनी ते पाहिले, क्षणभर थांबले, आणि म्हणाले, “आवळायचं नाही. बोटानं चाप मागं दाबत राहायचं. गोळी तुम्ही सोडू नका. तिला सुटू द्या.” पुढील पाच छिद्रांचा पुंजका पुष्कळच आटोपशीर आला.

‘दाबत राहायचं’ या रचनेकडे लक्ष द्यावे. आज्ञार्थी ‘दाबा’ क्रियेचा शेवट सुचवितो, ‘दाबत राहा’ तिची अखंडता. शिवाय ‘-आयचं’ या रूपात पुरुष आणि काळ दोन्ही मावळतात. ती कोणा एकाला दिलेली आज्ञा राहत नाही, रीत होते. शिक्षकांचे रेषेवरील बोलणे आज्ञार्थी आणि समजावून सांगण्याचे बोलणे बहुतांशी ‘-आयचं’ या रूपात होते. ही विभागणी त्यांनी कोठे शिकली नसावी. भाषेनेच ती त्यांना पुरविली होती.

६. सोडणे, सुटणे, सुटू देणे

आता मुख्य मुद्द्याकडे येऊ. मराठीत तुटणे-तोडणे, फुटणे-फोडणे, सुटणे-सोडणे अशा अकर्मक-सकर्मक धातूंच्या जोड्या आहेत. धातूतील उकाराचा ओकार आणि अंत्य टकाराचा डकार होताच क्रियेला कर्ता लाभतो. ‘गोळी सुटली’ यात कर्ता व्याकरणातून अदृश्य आहे. ‘गोळी सोडली’ यात तो वाक्यात प्रकट नसला तरी गृहीत आहे.

नेमबाजीच्या शिक्षणात अकर्मक रूपाला विशेष मोल आहे. गोळी नेमकी कोणत्या क्षणी जाणार हे नेमबाजाला आधी कळले, तर धक्क्याच्या अपेक्षेने खांदा आक्रसतो, पापणी मिटते, मनगट ताठते. म्हणून श्वास सोडल्यानंतर जो स्वाभाविक विराम येतो, ज्याला आपल्या योगपरिभाषेत बाह्य कुंभक म्हणता येईल, त्यात स्थिर राहून दाब वाढवीत जावे आणि क्षणाची निवड यंत्रावर सोपवावी, असे शिकवितात. विराम काही सेकंदांहून लांबला तर रायफल खाली ठेवून पुन्हा आरंभ करावयाचा. ‘सुटणे’ हे क्रियापद ही अवस्था जितकी नेमकी सांगते, तितकी इंग्रजीतील कोणतीही एकपदी संज्ञा सांगत नाही, असे नम्रपणे सुचवावेसे वाटते.

परंतु याच क्रियापदाची एक काळी बाजूही आहे. ‘साफ करताना गोळी सुटली’ हे वाक्य आपण वृत्तपत्रांतून वारंवार वाचतो. तेथे अकर्मक रूप कर्त्याला झाकण्याचे काम करते. ‘माझ्या हातून सुटली’ म्हटले की हात साधन ठरतो आणि माणूस साक्षीदार. जे. एल. ऑस्टिन यांनी १९५६ सालच्या सबबींविषयीच्या आपल्या व्याख्यानात एक उदाहरण दिले आहे. दोघांची गाढवे एकाच कुरणात चरतात. मला माझे नकोसे झाल्याने मी त्यावर गोळी झाडतो. पडलेले गाढव शेजाऱ्याचे निघते. ते मी माझे समजलो असेन तर ती चूक, आणि माझे ऐन वेळी हलल्याने शेजाऱ्याचे पडले असेल तर तो अपघात. सबबींच्या शब्दांतील हे सूक्ष्म भेद जबाबदारीचे भेद असतात, हे त्यांना दाखवावयाचे होते. मराठीत असे भेद क्रियाविशेषणांखेरीज धातूच्या रूपातही वसतात.

आमच्या शिक्षकांना याची जाणीव होती, असे त्यांच्या एका वाक्यावरून वाटते. एका तरुणाच्या रायफलीतून आज्ञेपूर्वीच छरा गेला. तो समोरच्या भिंतीत रुतला, कोणाला काही झाले नाही. तरुण म्हणाला, “सर, सुटली.” शिक्षक शांतपणे म्हणाले, “सुटली नाही. सोडलीत.” ज्या शिक्षकाने तासापूर्वी ‘सोडू नका, सुटू द्या’ असे शिकविले होते, त्यानेच ही दुरुस्ती केली.

या दोन विधानांत विरोध नाही. ‘सुटू देणे’ या संयुक्त क्रियापदाची घडण तपासली की हे स्पष्ट होते. यात दोन क्रिया आहेत. ‘सुटणे’ गोळीचे, ‘देणे’ माणसाचे. गोळी आपल्या क्षणी सुटते. पण तिला सुटण्याची मुभा कोणीतरी दिलेली असते, आणि तो कोणीतरी वाक्याचा कर्ता म्हणून ठाम उभा असतो. लक्ष्य कोणते, त्यामागे काय आहे, रेषा मोकळी आहे का, आज्ञा झाली आहे का, हे सर्व निर्णय त्या ‘देणे’ मध्ये येतात. क्षणाचा हट्ट तेवढा त्यातून वगळला जातो. तरुणाने मुभा देण्याची पायरीच ओलांडली होती, म्हणून त्याला ‘सुटली’ म्हणण्याचा अधिकार उरला नव्हता.

७. उपसंहार

वरील विवेचनातून दोन गोष्टी सुचवाव्याशा वाटतात. पहिली परिभाषेसंबंधी. १९६० साली भाषा संचालनालय स्थापन झाल्यापासून आपल्याकडे परिभाषा कोशांचे मोठे कार्य झाले आहे. त्या कोशांत भर साहजिकच नामांवर असतो. परंतु हाताने वा देहाने करावयाच्या विद्येत नामे उसनी चालतात, क्रियापदे चालत नाहीत. ‘ट्रिगर’ला चाप म्हणावे की कळ, यावर वाद घालण्यापेक्षा त्याचे काय करावयाचे, ओढावयाचे, आवळावयाचे की दाबत राहावयाचे, हे ठरविणे अधिक निकडीचे आहे. आपल्या विभागातील विद्यार्थ्यांनी सुतार, विणकर, परिचारिका, पोहणे शिकविणारे यांच्या शिकवणीतील क्रियापदे नोंदवून ठेवली, तर पुढील कोशकारांना त्याचा मोठा उपयोग होईल.

दुसरी गोष्ट व्याकरणासंबंधी. सकर्मक-अकर्मक हा भेद आपण वर्गात रूपसिद्धीचा प्रश्न म्हणून शिकवितो. गोळीबाराच्या रेषेवर मात्र तो कोणी काय केले याचा प्रश्न होतो, आणि तेथे त्याचे उत्तर चुकले तर परिणाम कागदापुरते राहतीलच असे नाही. मराठीत व्रताचा ‘नेम’ आणि बंदुकीचा ‘नेम’ हे दोन्ही शब्द आज एकरूप आहेत, आणि दोन्ही ‘चुकतात’. नियमाने वागणे आणि अचूक वेध घेणे यांना एकच शब्द पुरतो, हे त्या दोन दिवसांनंतर प्रस्तुत लेखकाला केवळ योगायोगाचे वाटत नाही.