उपाशी पेशी काय खाते?

प्रौढ मनुष्य दिवसाकाठीं सुमारें ७० ग्रॅम प्रथिनें खातो. परंतु त्याच एका दिवसांत त्याच्या शरीरांत २०० ते ३०० ग्रॅम नवीं प्रथिनें घडविलीं जातात. एखाद्या गृहस्थाचा जमाखर्च असा दिसूं लागला, तर वरची रक्कम आली कोठून याची घरांत चौकशी झाल्याखेरीज राहणार नाहीं. शरीराचा हा व्यवहार मात्र अगदीं चोख असतो. सोनार जुना दागिना मोडून त्याच सोन्याचा नवा घडवितो, तसें शरीर जुनीं प्रथिनें मोडून त्यांच्याच घटकांतून नवीं उभीं करतें. घडविण्याच्या क्रियेकडे शास्त्रज्ञांचें लक्ष फार पूर्वींपासून होतें. मोडण्याच्या क्रियेकडे वळून पाहणारे थोडे. त्या थोड्यांपैकीं एक जपानचे पेशीशास्त्रज्ञ योशिनोरी ओसुमी. त्यांच्या संशोधनाची हकीकत थोडक्यांत सांगण्याचा हा प्रयत्न आहे.

ओसुमींचा जन्म ९ फेब्रुवारी १९४५ रोजीं फुकुओका शहरीं झाला. वडील क्यूशू विद्यापीठांत अभियांत्रिकीचे प्राध्यापक होते. योशिनोरी टोकियो विद्यापीठांत गेले ते रसायनशास्त्राच्या ओढीनें; पण तें शास्त्र बरेंचसें स्थिरावलेलें पाहून, तेव्हां नुकत्याच उदयास आलेल्या रेणवीय जीवशास्त्राकडे ते वळले. १९७४ सालीं डॉक्टरेट मिळवून ते न्यूयॉर्कच्या रॉकफेलर विद्यापीठांत जेराल्ड एडेलमन या नोबेल विजेत्या शास्त्रज्ञाकडे गेले. तेथें उंदराच्या बीजांडावरील काम वांट्यास आलें. तें कांहीं केल्या रुळेना. अखेर त्यांनीं यीस्ट हातीं घेतलें. पावाचें पीठ ज्यानें फुगतें, तेंच हें यीस्ट. त्याची एकेक पेशी मिलिमीटरच्या सुमारें २०० व्या भागाएवढी. या पेशींतील केंद्रकें वेगळीं काढण्यासाठीं नळ्या यंत्रांत गरगर फिरवीत असतां, पेशींतल्या पोकळ पिशव्या तेवढ्या वर तरंगून आलेल्या त्यांना दिसत. या पिशवीला रिक्तिका म्हणतात. पुढल्या सर्व कार्याचें बीज त्या तरंगणाऱ्या थरांत होतें.

रिक्तिकेला त्या काळीं कोणी फारशी किंमत देत नसे. पेशींतली अडगळीची खोली, केरकचरा टाकण्याची जागा, एवढीच तिची प्रतिष्ठा. १९७७ च्या अखेरीस टोकियोस परतल्यावर ओसुमींनीं तिचाच अभ्यास चालविला. चढाओढीची आपल्याला आवड नाहीं, जेथें कोणी जात नाहीं तेथें काम करावें, असें ते पुढें अनेकदां सांगत. १९८८ सालीं, वयाच्या ४३ व्या वर्षीं, त्यांना प्रथमच स्वतःची लहानशी प्रयोगशाळा मिळाली. इतर देशांतील बरोबरीचे संशोधक या वयांत नांवारूपास आलेले असतात, हें लक्षांत घेतलें म्हणजे हा विलंब किती होता तें कळेल.

पेशी स्वतःचेच भाग खाते, ही कल्पना मुळांत नवी नव्हती. बेल्जियमचे क्रिस्तियां द द्यूव यांनीं १९५५ च्या सुमारास प्राण्यांच्या पेशींत पाचक रसांची एक पिशवी शोधून काढली व तिला लायसोसोम हें नांव दिलें. १९६३ सालीं त्यांनींच स्वभक्षणाच्या क्रियेस 'ऑटोफॅजी' म्हटलें. पेशींतील थोडासा भाग एका पातळ पडद्यांत गुंडाळला जातो, तें गाठोडें लायसोसोमपाशीं नेऊन पोंचविलें जातें आणि तेथें त्याचा पार चुरा होतो. इतकें सूक्ष्मदर्शकानें दाखविलें होतें. पण गांठोडें बांधतो कोण, केव्हां आणि कोणाच्या हुकुमानें, हें पुढें २५ वर्षे कोणासहि सांगतां आलें नाहीं. एक तर गाठोडें जेमतेम कांहीं मिनिटें टिकतें. शिवाय तें ओळखण्याची नेमकी खूण कोणाच्या हातीं नव्हती.

येथें ओसुमींची खरी हुशारी दिसून येते. लग्नघरीं किती पंगती उठल्या हें मागाहून आलेल्या पाहुण्यास कळत नाहीं, कारण पत्रावळी लगेच उचललेल्या असतात. उष्टीं काढणाराच त्या दिवशीं आला नाहीं, तर मात्र पत्रावळींच्या ढिगावरून वाटेल त्यास हिशेब करतां येईल. ओसुमींनीं नेमकें हेंच केलें. ज्यांच्या रिक्तिकेंतील पाचक द्रव्यें निकामी झालीं आहेत, अशा यीस्टच्या पेशी त्यांनीं घेतल्या व नत्र नसलेल्या द्रवांत ठेवून त्यांना उपाशी मारलें. रिक्तिकेंत कांहीं जात असेल, तर तें आतां पचणार नाहीं, सांचून राहील, असा त्यांचा तर्क होता. अर्ध्या तासानंतर साध्या सूक्ष्मदर्शकाखालीं रिक्तिकेंत बारीक गोळे नाचतांना दिसूं लागले. तीन तासांत ती गोळ्यांनीं जवळजवळ भरून गेली. ओसुमी तासन्‌तास तें दृश्य पाहत बसले होते. हें संशोधन १९९२ सालीं प्रसिद्ध झालें.

ढीग सांचतो हें कळल्यावर पुढची पायरी सरळ होती; मात्र ती फार कष्टाची होती. रसायनाच्या योगें यीस्टच्या जनुकांत ठिकठिकाणीं बिघाड करावयाचा आणि अशा हजारों वाणांतून, उपाशी ठेवूनहि ज्यांच्या रिक्तिकेंत गोळे सांचत नाहींत, ते निवडावयाचे. ज्या जनुकांत तेथें बिघाड असेल, तेंच या क्रियेला आवश्यक. मिकी त्सुकादा या विद्यार्थिनीनें एकेक वाण सूक्ष्मदर्शकाखालीं धरून पहिला बिघाड हुडकला. हा वाण उपासमारींत इतर पेशींहून फार लवकर मरतो असें आढळल्यामुळें पुढची निवड सोपी झाली, आणि १९९३ सालीं अशीं १५ जनुकें जाहीर करण्यांत आलीं. जर्मनीचे मिखाएल थुम व अमेरिकेचे डॅनियल क्लायोन्स्की हे निराळ्या वाटांनीं त्याच जनुकांपाशीं येऊन पोंचले. प्रत्येकाचीं नांवें वेगळीं असल्यामुळें मोठाच घोटाळा माजला. तो २००३ सालीं सर्वांनीं मिळून एकच नामावली स्वीकारली तेव्हां मिटला.

१९९६ सालीं ओसुमी ओकाझाकी येथील राष्ट्रीय मूलभूत जीवशास्त्र संस्थेंत गेले. तेथें नोबोरु मिझुशिमा व इतर तरुण सहकाऱ्यांसह त्यांनीं या जनुकांपासून बनणारीं प्रथिनें एकमेकांस कशीं जोडलीं जातात, त्यांपैकीं एक पडद्याच्या स्निग्ध द्रव्यास कसें चिकटतें आणि त्यायोगें गांठोड्याचा पडदा कसा वाढत जातो, हें १९९८ ते २००० या काळांत उलगडलें. तींच प्रथिनें थोड्याफार फरकानें मनुष्याच्या पेशींतहि सांपडलीं. पडद्यास चिकटणाऱ्या प्रथिनामुळें संशोधकांना हवी असलेली खूणहि मिळाली.

२०१६ सालचें वैद्यकाचें नोबेल पारितोषिक एकट्या ओसुमींना मिळालें. तात्काळ उपयोगाचें आश्वासन न देणाऱ्या संशोधनाला आश्रय मिळावा म्हणून त्यांनीं पुढच्याच वर्षीं एक संस्था स्थापन केली. इकडे या पारितोषिकाचा आधार घेऊन उपवासाचे नाना प्रकार सुचविणाऱ्यांचें पीक आलें, हें सांगितलें पाहिजे. एकादशी करावयाची ती श्रद्धेनें करावी; तिला यीस्टची साक्ष काढूं नये. नत्राविना ठेवलेली एक पेशी आणि साबुदाण्याची खिचडी खाऊन बसलेला गृहस्थ यांच्यांत बरेंच अंतर आहे. किती तासांच्या उपवासानें मनुष्याच्या कोणत्या अवयवांत ही क्रिया किती वाढते, याचें ओसुमींच्या प्रयोगांत उत्तर नाहीं.

उंदरांवरील प्रयोगांनीं मात्र कांहीं गोष्टी निश्चित झाल्या आहेत. केवळ मज्जापेशींतली ही क्रिया बंद पाडली, तर उंदीर उपाशी नसतांहि त्या पेशींत निकामी प्रथिनें सांचतात व त्या हळूहळू नष्ट होतात, असें २००६ सालीं जपानमधील दोन गटांनीं दाखविलें. म्हणजे ही सोय केवळ दुष्काळापुरती नाहीं. रोजची झाडलोटहि तीच करते. त्याआधीं, २००४ सालीं, मिझुशिमा व त्यांचे सहकारी यांनीं या क्रियेस लागणारें एक जनुक नसलेलीं उंदराचीं पिल्लें जन्मास घातलीं. गर्भांत तीं व्यवस्थित वाढलीं, जन्मतःहि बहुतेक निरोगी दिसत होतीं. जन्म होतांच नाळेवाटे येणारा आहार बंद पडतो आणि आईचें दूध पोटांत जाईपर्यंत कांहीं काळ लोटतो. साध्या पिल्लाच्या हृदयांत, स्नायूंत, फुप्फुसांत त्या थोड्या तासांपुरतें स्वभक्षण एकदम वाढतें व एकदोन दिवसांत पुन्हां खालीं येतें. ज्यांच्यांत तें वाढूं शकलें नाहीं, तीं पिल्लें एका दिवसाच्या आंत मेलीं.