फराळानंतरची पेज

कार्तिकातले शेवटचे आठ दिवस आणि मार्गशीर्षातले पहिले आठ दिवस, या काळाला शार्ङ्गधरसंहितेने ‘यमदंष्ट्रा’, म्हणजे यमाची दाढ, असं दचकवणारं नाव दिलं आहे. त्यातून सुटण्याचा उपाय मात्र अगदी साधा सांगितला आहे: थोडं जेवा. दिवाळीनंतर साधारण तीन आठवड्यांनी हे दिवस येतात. शरद संपून हेमंत लागत असतो, पहाटे गारठा आणि दुपारी ऊन असतं, आणि चकली-शंकरपाळ्यांचं तेल-तूप अजून अंगात जिरायचं असतं. एका ऋतूचा शेवटचा आणि पुढच्याचा पहिला आठवडा मिळून ऋतुसंधी होते. जुन्या सवयी हळूहळू सोडायच्या आणि नव्या हळूहळू धरायच्या त्या याच काळात, असं वाग्भटाचं अष्टांगहृदयही सांगतं.

‘डिटॉक्स’च्या नावाने आता पुड्या आणि बाटल्या विकल्या जातात. त्यांच्यातल्या कित्येकींत जो हिरडा असतो, तो जुन्नर आणि आंबेगाव तालुक्यांच्या पश्चिम पट्ट्यात पिढ्यान्‌पिढ्या गोळा होतो. आहुपे, भीमाशंकरचा परिसर, हातवीज, दुर्गावाडी ही सगळी सह्याद्रीच्या माथ्यावरची गावं. इथल्या महादेव कोळी कुटुंबांना पावसाळ्यात भात, नाचणी, वरई पिकवता येते. उन्हाळ्यात हाती रोख पैसा येतो तो मुख्यतः बाळहिरड्याचा. फळ कोवळं असताना, आतली आठळी टणक व्हायच्या आधी उतरवायचं आणि अंगणात वाळवायचं. ते काळं आणि सुरकुतलेलं झालं की पोती भरायची. फळ झाडावरच पिकू दिलं तर तो मोठा पिवळसर सुरवारी हिरडा. टॅनिन भरपूर असल्यामुळे हिरडा कातडी कमावायला आणि कापड रंगवायलाही लागतो. ३ जून २०२०च्या निसर्ग चक्रीवादळाने या भागात हिरड्याची झाडं मोडली, तेव्हा कितीतरी घरांची वर्षाची रोख मिळकतच गेली. शेताच्या पिकाचा पंचनामा लगेच होतो. हिरड्याच्या भरपाईसाठी मात्र लोकांना मागणी लावून धरावी लागली.

आयुर्वेदाने या फळाला प्रत्येक ऋतूत वेगळा जोडीदार दिला आहे. त्याला ऋतुहरीतकी म्हणतात. वर्षा ऋतूत सैंधव, शरदात साखर, हेमंतात सुंठ, शिशिरात पिंपळी, वसंतात मध आणि ग्रीष्मात गूळ. शरदातली जोडी तर याच दोन तालुक्यांत जुळते: डोंगरावर हिरडा आणि खाली कुकडी-घोडच्या पाण्यावरचा ऊस. जुन्नरात विघ्नहर आणि आंबेगावात भीमाशंकर हे सहकारी साखर कारखाने आहेत.

तरी हिरड्याचं चूर्ण आणून चमचा चमचा खायला सुरुवात करा, असं मी म्हणणार नाही. ज्या भावप्रकाशात हिरड्याची एवढी स्तुती आहे, त्यातच तो कुणी खाऊ नये हेही लिहिलं आहे: प्रवासाने थकलेला, अशक्त, रूक्ष, कृश, उपासाने खंगलेला, पित्त वाढलेला, रक्तस्राव झालेला आणि गर्भवती स्त्री. ही यादी पुडीवर छापलेली मला क्वचितच दिसते. हिरडा औषध आहे, म्हणून तो वैद्याला विचारून घ्यावा. पेज अन्न आहे आणि ती घरात होते.

वमन-विरेचनासारख्या शोधनानंतर वैद्य रोग्याला एकदम जेवू घालत नाहीत. आधी पातळ पेया, मग घट्ट मऊ विलेपी, मग मुगाचं कढण. तेही पहिल्यांदा मीठ-तूप-मसाल्याविना आणि नंतर फोडणी देऊन. या चढत्या क्रमाला संसर्जनक्रम म्हणतात. घरी विरेचन घ्यायचं नाही, पण जेवणाचा हा क्रम कुणालाही पाळता येतो. सुटीचे तीन-चार दिवस त्याला पुरतात.

पहिल्या दिवशी पेज. तांदूळ जुना, निदान वर्षाचा हवा. दिवाळीच्या सुमारास पश्चिम पट्ट्यात भाताची कापणी-झोडणी होते आणि नव्या तांदळाचा मोह होतो. पण तो चिकट शिजतो आणि आयुर्वेद त्याला जड म्हणतो. जुने तांदूळ कोरडेच थोडे भाजून, भरडून, एका वाटीला सात-आठ वाट्या पाणी घालून मंद आचेवर शिजवावेत. वरून सैंधव आणि भाजलेल्या जिऱ्याची पूड. तांदूळ नको असेल तर वरई किंवा नाचणी घ्यावी. नाचणीचं पीठ आधी गार पाण्यात कालवून घेतलं की गुठळ्या होत नाहीत.

दुसऱ्या दिवशी त्याच तांदळाचा चौपट पाण्यात मऊ भात, सोबत हिरव्या मुगाचं कढण. मूग भाजून, शिजवून, घोटून गाळायचे आणि तुपात जिरं, किसलेलं आलं, चिमूटभर हळद यांची फोडणी द्यायची. मिरची नाही, लसूण नाही. तिसऱ्या दिवशी मूगडाळ घालून पडवळ किंवा दुधी आणि एखादी ज्वारीची भाकरी. शरदासाठी अष्टांगहृदयाने मूग, साळीचा भात, पडवळ, आवळा आणि मध सांगितले आहेत. दही, तेल, दुपारची झोप आणि पोट तुडुंब भरणं टाळायला सांगितलं आहे. कार्तिकात आवळा बाजारात येतोच. तो उकडून, सैंधव लावून ताटात घ्यावा.

रात्रीचं जेवण दिवस मावळता मावळता उरकावं. या सगळ्यात खरा गुण मला त्याचाच वाटतो. शरीरातला निचरा करण्याचं काम यकृत आणि मूत्रपिंडं रोजच करतात. पेज त्यांची जागा घेत नाही आणि कोणतीही बाटलीही घेत नाही. पेजेमुळे तळण थांबतं, गोड थांबतं, उशिराची जेवणं थांबतात. पोट हलकं होतं, झोप लागते, आणि खरी भूक कशी असते ते पुन्हा कळतं.

याच दिवसांत चंपाषष्ठी येते. धामणखेलच्या खंडोबाला जाणाऱ्यांनी भरीत-रोडग्याचा प्रसाद जरूर घ्यावा; एका जेवणाने पथ्य मोडत नाही. पुढे थंडी मुरली की अग्नी बळकट होतो असं आयुर्वेदच सांगतो. तेव्हा बाजरी, तीळ, आणि या भागाची शान असलेली मासवडी तिच्या झणझणीत रश्शासह खुशाल खावी.

मधुमेहाची किंवा रक्तदाबाची गोळी चालू असलेल्यांनी, मूत्रपिंडाचा त्रास असलेल्यांनी, गर्भवती आणि अंगावर पाजणाऱ्या बायकांनी जेवणात असा बदल डॉक्टरांना विचारल्याशिवाय करू नये. लहान मुलांना तर यात ओढूच नये. बाकीच्यांना एक विनंती: भीमाशंकरला किंवा नाणेघाटाकडे गेलात, तर वाटेतल्या गावांत वरई, नाचणी, हातसडीचा तांदूळ मिळतो का ते विचारा. पिकवणाऱ्याकडूनच घ्या आणि भावासाठी घासाघीस करू नका.