रोज पंचवीस अंडी, तरी कोलेस्टेरॉल नॉर्मल!

अमेरिकेतल्या ८८ वर्षांच्या एका आजोबांचा वर्षानुवर्षांचा खुराक: रोज पंचवीस उकडलेली अंडी. डॉ. फ्रेड कर्न यांनी १९९१ मध्ये 'न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन'मध्ये त्यांची केस मांडली. आजोबांची आतडी अंड्यांतलं जेमतेम १८ टक्के कोलेस्टेरॉल शोषायची. इतरांत साधारण निम्मं कोलेस्टेरॉल शोषलं जातं. शिवाय यकृत जादा कोलेस्टेरॉलचं पित्ताम्ल करून टाकायचं. नशीबवान माणूस!

याउलट फॅमिलियल हायपरकोलेस्टेरोलेमिया हा आनुवंशिक विकार असलेल्यांचं. रक्तातलं एलडीएल, म्हणजे 'वाईट' कोलेस्टेरॉल, उचलणारे रिसेप्टरच अपुरे, त्यामुळे साधा वरण-भात खाऊनही कोलेस्टेरॉलचा आकडा चढलेला.

थोडक्यात, प्रत्येकाचं शरीर वेगळं. तेव्हा मित्राला भरपूर स्निग्ध पदार्थांचं कीटो डाएट मानवलं म्हणून तुपाची बरणी जवळ ओढू नका. कीटो करायचंच तर सुरू करण्याआधी आणि दोन-तीन महिन्यांनी स्वतःचं लिपिड प्रोफाइल (रक्तातल्या कोलेस्टेरॉलची तपासणी) करा, डॉक्टरांना दाखवा.