परदेशातील नोकरी आणि परवान्याचा शिक्का

कामगार संघटनेच्या माणसाने व्हिसासारख्या विषयावर बोलावे याचे आपणांपैकी काहींना नवल वाटेल. माझे आयुष्य मुरबाडच्या कारखान्यांच्या दारांत, बोनस आणि हजेरीच्या भांडणांत गेले. शाळा नववीतच सुटली. पुढचे जे शिकलो ते कागद वाचता वाचता. असाच एक कागदांचा गठ्ठा दोन वर्षांपूर्वी माझ्याकडे आला, आणि त्यातून हा विषय निघाला.

गठ्ठा आणणारा आमच्या युनियनमधला म्हशाचा एक जुना फिटर. मुलगा अमेरिकेत संगणकाच्या कामावर. घरी आई अंथरुणाला खिळलेली, आणि मुलगा फोनवर सांगतो, "बाबा, माझा शिक्का संपला आहे. आलो, तर परत जाता येईलच असे नाही." बापाला वाटले, पोरगा टाळतो आहे. नोकरी चालू आहे, पगार मिळतो आहे, मग परवाना संपला कसा? बापलेकांत अबोला पडला. मी कागद वाचले आणि ध्यानात आले की पोरगा खरे तेच बोलत होता.

आपण कामगारांच्या भाषेत पाहू. कारखान्यात गेटपास ही एक वस्तू आणि हजेरीपट ही दुसरी. गेटपास दारातून आत येण्यापुरता. आत आल्यावर तुम्ही कामावर आहात की नाही, हे हजेरीपट सांगतो. अमेरिकेचा व्हिसा, म्हणजे पासपोर्टावरचा तो शिक्का, हा गेटपास आहे. राहण्याची व काम करण्याची मुदत निराळ्या नोंदीत असते. ही मुदत मालकाच्या अर्जावर देशातल्या देशात वाढते. शिक्क्याची तारीख उलटली तरी आत असलेला माणूस गुन्हेगार ठरत नाही. मात्र आईला भेटायला तो दाराबाहेर पडला की नवा गेटपास लागतो, आणि तो देशाबाहेरच्या वकिलातीतच मिळतो.

पूर्वी असे नव्हते. एच-१बी या वर्गातील कामगाराला पासपोर्ट टपालाने पाठवून अमेरिकेतच शिक्क्याचे नूतनीकरण करून मिळे. बोटांचे ठसे घेणे सक्तीचे झाले आणि जुलै २००४ मध्ये ती सोय बंद पडली. २०२४ च्या आरंभी वीस हजार अर्जांपुरता तिचा पुन्हा प्रयोग झाला, पण तो ठरावीक लोकांसाठी आणि ठरावीक मुदतीचा.

मग लोकांनी जवळची वाट काढली. भारतात येण्याऐवजी शेजारच्या कॅनडात किंवा मेक्सिकोत जायचे, तेथील अमेरिकन वकिलातीत मुलाखत द्यायची आणि शिक्का घेऊन परतायचे. प्रवास थोडा, रजा थोडी. पण ही वाट दिसते तितकी सोपी नव्हती. जुना शिक्का संपलेल्या भारतीयाला त्या शेजारच्या देशात शिरण्यासाठी त्या देशाचाही परवाना काढावा लागे.

दुसरी गोष्ट याहून महत्त्वाची. अमेरिकेचा एक नियम असा की कॅनडा-मेक्सिकोत तीस दिवसांच्या आत जाऊन आलेल्याला मुदत संपलेल्या शिक्क्यावरही परत घेतात. परंतु ज्याने तेथे नव्या शिक्क्यासाठी अर्ज केला, त्याला २००२ पासून ही सवलत नाही. म्हणजे खिडकीवरच्या अधिकाऱ्याने "अधिक चौकशी करावी लागेल" एवढे म्हटले, की माणूस ना इकडचा ना तिकडचा. घर, गाडी, मुलांची शाळा अमेरिकेत, आणि हा परक्या गावात लॉजवर.

आमच्या फिटरच्या मुलाने हा धोका पत्करला. मेक्सिकोत त्याला आठवडाभर ताटकळावे लागले. पण शिक्का मिळाला. म्हशाच्या जत्रेच्या दिवसांत तो घरी आला, अकरा दिवस आईजवळ बसला. पुढे दोन महिन्यांनी ती गेली.

आज त्याला तसे करता आले नसते. सप्टेंबर २०२५ मध्ये अमेरिकन सरकारने फर्मावले की अर्जदाराने आपल्या नागरिकत्वाच्या किंवा रहिवासाच्या देशातच मुलाखत द्यावी. अमेरिकेत राहणाऱ्या भारतीयाला याचा अर्थ एकच, भारतात या. त्यानंतर डिसेंबर २०२५ मध्ये अर्जदारांची समाजमाध्यमांवरील खाती तपासण्यास सुरुवात झाली, आणि भारतातील अनेकांच्या ठरलेल्या मुलाखती कित्येक महिने पुढे ढकलल्या गेल्या. लग्नाकार्याला आलेले लोक येथेच अडकले.

आता प्रश्न असा की या अडकण्याचा भार कोण सोसतो? अर्ज मालकाचा, नोकरी मालकाची. पण बुडालेली रजा, लॉजचे भाडे आणि नोकरीची टांगती तलवार कामगाराची. या वर्गातील माणसाची नोकरी तेथे सुटली, तर दुसरा मालक शोधायला त्याला फार तर साठ दिवस मिळतात. पगार मोठा म्हणून तो कामगार नव्हे असे समजू नका. ज्याच्या चुलीची किल्ली दुसऱ्याच्या हाती, तो कामगारच.

म्हणून ज्यांची मुले बाहेर आहेत त्यांना चार गोष्टी सांगतो. शिक्क्याची तारीख आणि राहण्याच्या मुदतीची तारीख या दोन्ही वेगवेगळ्या लिहून ठेवा. निघण्यापूर्वी मालकाकडून लेखी घ्या: अडकलो तर रजा किती, बाहेरून काम करता येईल का, पगार चालू राहील का. सर्व कागदांच्या नकला घरी ठेवा. चौथी गोष्ट आईबापांसाठी. मुलगा "येता येत नाही" म्हणाला, तर रागावण्यापूर्वी त्याला तारीख विचारा.

माणूस जेथे राबतो तेथेच त्याचा परवाना नवा व्हावा, ही मागणी अवास्तव नाही. २००४ पर्यंत ते घडत होते. तो दिवस पुन्हा येईपर्यंत निदान कागदाचा दोष लेकराच्या माथी मारू नये, एवढेच माझे सांगणे आहे.