गोष्ट हवी की मोकळे रान?

सोळा-सतरा वर्षांचा मुलगा संगणकासमोर बसलेला असतो. पडद्यावर भले थोरले शहर, समुद्रकिनारा, दिव्यांची रोषणाई. मागून आई विचारते, “काय रे, कोणती लढाई चाललीय?” उत्तर येते, “लढाई नाही गं, नुसता फिरतोय.”

आईला हे उत्तर टोलवाटोलवीचे वाटते. प्रत्यक्षात ते अगदी खरे असते. गुन्हेगारी जगतावरच्या व्हिडिओ गेममध्ये शहर उभे करायचे ते गोष्ट सांगण्यासाठी, की खेळणाऱ्याने तिथे मनसोक्त हुंदडावे म्हणून, हा वाद हे खेळ बनवणारे आणि खेळणारे गेली पंचवीस वर्षे घालत आहेत. (या खेळांच्या वेष्टनावर युरोपात 18 चा आणि अमेरिकेत 17 चा आकडा छापलेला असतो. तो वाचतो कोण, हा प्रश्न निराळा!)

हुंदडण्याच्या पद्धतीला ‘सँडबॉक्स’ म्हणतात, म्हणजे बागेतला वाळूचा हौद. हाती बादली आणि फावडे दिले की किल्ला बांधायचा की खड्डा खणायचा, ही मुलाची मर्जी. या पद्धतीचे सर्वात गाजलेले घराणे म्हणजे ‘ग्रँड थेफ्ट ऑटो’. त्याचा जन्म 1997 साली स्कॉटलंडमधल्या डंडी या गावी, डीएमए डिझाइन या कंपनीत झाला. आधी तो ‘रेस अँड चेस’ नावाचा गाड्यांच्या पाठलागाचा खेळ व्हायचा होता आणि काही केल्या रंगत नव्हता. तो बनवणाऱ्यांपैकी गॅरी पेन यांनी पुढे सांगितले की, एका चुकीमुळे पोलिसांच्या गाड्या एकदम पिसाळल्या, खेळणाऱ्याच्या गाडीवर येऊन आदळू लागल्या आणि सगळ्यांना तेच आवडले. गंमत गोष्टीतून नव्हे, गोंधळातून सापडली होती.

2001 साली आलेल्या तिसऱ्या भागाने या शहराला खरी उंची-खोली दिली. त्यातला नायक अख्ख्या खेळात एक शब्द बोलत नाही. पण टॅक्सीत बसले की भाडी मारता येतात, रुग्णवाहिका घेतली की रुग्णांना इस्पितळात पोचवता येते, बंबात बसले की आगी विझवता येतात. यापैकी कशाचाही कथेशी संबंध नाही. पुढच्याच वर्षी आलेला ‘व्हाइस सिटी’ भारतातल्या सायबर कॅफेंमध्ये अमाप खेळला गेला, तोही मुख्यतः असाच, कथा बाजूला ठेवून.

टॅक्सीवाल्याची कहाणी

त्याच 2002 साली झेक प्रजासत्ताकातल्या ब्रनो शहरात इल्यूजन सॉफ्टवर्क्स या कंपनीने ‘माफिया’ आणला. दिग्दर्शक होते डॅनिएल वाव्रा. काळ 1930 चा, शहर काल्पनिक, नाव लॉस्ट हेवन. नायक टॉमी अँजेलो हा साधा टॅक्सी ड्रायव्हर. एका रात्री दोन गुंड पिस्तूल रोखून त्याच्या गाडीत बसतात आणि त्याचे आयुष्य बदलते.

शहर इथेही मोठे, ट्रामसुद्धा धावते. पण सिग्नल तोडला की पोलीस शिटी मारून थांबवतात, वेगाची मर्यादा ओलांडली की दंड करतात. खून-दरोड्याच्या खेळात सिग्नल पाळायचा, याचे अनेकांना हसू आले. काहींना त्याचा वैतागही आला. पण या वेसणीमुळेच ते शहर खरे वाटते आणि टोळीत शिरलेल्या टॉमीची भीतीही खरी वाटते. ज्यांना नुसते भटकायचे, त्यांच्यासाठी वेगळी सोय ठेवली होती. कथेच्या आत मात्र भटकंतीला वाव नव्हता. टॉमी एका माणसाला दया दाखवून सोडून देतो, तेव्हाही खेळणाऱ्याचे मत विचारले जात नाही. शेवटी, कित्येक वर्षांनंतर, म्हातारा टॉमी बागेला पाणी घालत असताना दोघे जण येऊन त्याला मारतात. 2010 साली दुसरा भाग आला तेव्हा खेळणाऱ्यांना कळले की, त्या दोघांपैकी एक या भागाचा नायक आहे आणि टॉमीच्या दारापर्यंत गाडी आपल्यालाच न्यायची आहे! गुन्ह्याची किंमत इतक्या नेमकेपणाने सांगणे वाळूच्या हौदाला साधत नाही.

पण कथेच्या बाजूनेही सगळे आलबेल नाही. त्या दुसऱ्या भागात सुंदर शहर उभारले, बर्फ पाडला, उन्हाळा आणला. पण करायला काही ठेवले नाही. नायक सकाळी उठतो, फोन वाजतो, गाडी काढतो, काम उरकतो, घरी येऊन झोपतो. शहर म्हणजे नुसता कामावर जायचा रस्ता! ही तक्रार अनेकांनी केली आणि ती रास्त होती.

उलट, ‘ग्रँड थेफ्ट ऑटो’ कथेकडे वळला तेव्हा वेगळीच पंचाईत झाली. 2008 सालच्या चौथ्या भागाचा नायक निको बेलिक युद्धात पोळलेला. माणसे मारल्याचा सल त्याला झोपू देत नाही. हे तो कळवळून सांगतो आणि पुढच्याच क्षणी खेळणारा त्याला फुटपाथवरून गाडी घालायला लावतो. मग कोणता निको खरा? खेळाची कथा एक म्हणते आणि खेळण्याची रीत भलतेच सांगते, या विसंगतीवर खेळांचे रचनाकार क्लिंट हॉकिंग यांनी 2007 सालीच, वेगळ्या एका खेळाच्या निमित्ताने बोट ठेवले होते.

शहरच बोलू लागते

यावरचा सर्वात चांगला उपाय सापडला तो बऱ्याच टीकेच्या धन्या झालेल्या खेळात. 2016 सालचा ‘माफिया 3’ हा हँगर 13 या कंपनीचा. काळ 1968 चा, शहर न्यू ऑर्लिन्सच्या धर्तीवरचे. नायक लिंकन क्ले हा व्हिएतनामहून परतलेला कृष्णवर्णीय सैनिक. एकेक मोहल्ला ताब्यात घेण्याचे तेच ते काम खेळणाऱ्यांना कंटाळवाणे झाले, हे खरेच. पण गोऱ्या श्रीमंतांच्या वस्तीत गुन्हा घडला की पोलीस धावत येतात आणि गरीब काळ्यांच्या वस्तीत रेंगाळत. काही दुकानांत लिंकनने नुसते पाऊल टाकले तरी मालक त्याला हाकलतो. इथे कोणी भाषण देत नाही, कथा थांबवून काही दाखवत नाही. नुसते फिरता फिरता खेळणाऱ्याला त्या काळाचा अन्याय अंगावर घ्यावा लागतो. भटकंतीच गोष्ट सांगू लागते. ही वाट पुढे फार कोणी चोखाळली नाही, हे नवल!

त्याचे एक कारण पैशात असावे. ‘ग्रँड थेफ्ट ऑटो 5’ सप्टेंबर 2013 मध्ये आला आणि तीन दिवसांत त्याची विक्री 1 अब्ज डॉलरवर गेली. पंधरवड्याने त्याची ऑनलाइन आवृत्ती सुरू झाली. तिथे अनेक जण एकाच शहरात एकत्र हुंदडतात आणि गाड्या, बंगले घेण्यासाठी खरे पैसेही मोजतात. तिच्यात वर्षानुवर्षे भर पडत राहिली. एकट्याने खेळायच्या कथेत मात्र नवा अध्याय आलाच नाही. गोष्ट कधी तरी संपते, हौद संपत नाही.

‘माफिया’वाल्यांनी मात्र मोकळ्या रानाचा नाद सोडला. ऑगस्ट 2025 मध्ये आलेला ‘द ओल्ड कंट्री’ हा सिसिली बेटावरचा, विसाव्या शतकाच्या आरंभीचा खेळ त्यांनी सरळ रेषेतली कथा म्हणूनच जाहीर केला. त्यातला एन्झो लहानपणी गंधकाच्या खाणीत राबलेला पोर. हल्ली बड्या खेळांना 70 डॉलर मोजावे लागतात; हा 50 डॉलरला विकायला ठेवला.