वजन कमी करण्याच्या शस्त्रक्रियेनंतर च्युइंगम चालेल का?

शस्त्रक्रियेनंतरचे पहिले काही आठवडे पातळ आहारावर काढताना तोंडाला चव राहत नाही, तोंड कोरडे पडते, श्वासालाही वास येतो. ज्यांना सतत काहीतरी चघळायची सवय असते त्यांना हे दिवस जास्तच जड जातात. मग रुग्ण विचारतात, "डॉक्टर, बिनसाखरेचे च्युइंगम चघळले तर काय हरकत आहे? पोटात तर काही जात नाही ना?"

थोडक्यात उत्तर असे: सुरुवातीच्या महिन्यांत च्युइंगम टाळा. नंतरही आपल्या सर्जनला विचारूनच सुरू करा. काही सर्जन ते कायमचे बंद ठेवायला सांगतात. गिळायचे मात्र कधीच नाही.

अडचण नेमकी कुठे होते?

च्युइंगमचा चिकट भाग आपल्या पाचक रसांनी विरघळत नाही. एरवी चुकून गिळला तरी तो काही दिवसांत शौचावाटे निघून जातो. शस्त्रक्रियेनंतर मात्र वाट बदललेली असते. स्लीव्ह शस्त्रक्रियेत जठराचा सुमारे 75 ते 80 टक्के भाग काढून उरलेल्या जठराची अरुंद नळी केली जाते. बायपासमध्ये साधारण 30 मिलिलिटर मावेल एवढी छोटी पिशवी राहते आणि ती ज्या तोंडाने आतड्याला जोडलेली असते ते जेमतेम एक-दीड सेंटीमीटरचे असते. पट्टा बसवलेल्यांमध्येही वाट अरुंदच असते. अशा ठिकाणी गमचा गोळा अडकू शकतो. असे क्वचितच घडते, पण घडले तर दुर्बिणीने तो काढावा लागू शकतो. वारंवार गम गिळण्याची सवय असेल तर धोका वाढतो.

न गिळता चघळले तर?

- चघळताना हवा गिळली जाते. लहान झालेल्या जठरात थोड्या हवेनेही पोट ताणल्यासारखे वाटते, ढेकर येतात, दुखते.
- बिनसाखरेच्या गममध्ये सॉर्बिटॉल, झायलिटॉल असे गोड पदार्थ असतात. जास्त झाले की गॅस आणि जुलाब होतात.
- गमने तोंडाला लाळ सुटते आणि कोरडेपणा जाणवत नाही. पण कोरडे तोंड हे बहुधा पाणी कमी पडल्याचे लक्षण असते. गमने तोंड ओले होते, शरीराला पाणी मिळत नाही.

"पण काही ऑपरेशननंतर डॉक्टरच गम देतात!"

हे खरे आहे. सिझेरियन किंवा मोठ्या आतड्याच्या शस्त्रक्रियेनंतर आतड्यांची हालचाल लवकर सुरू व्हावी म्हणून काही रुग्णालयांत गम चघळायला देतात. त्या रुग्णांचे जठर पूर्वीसारखेच असते. त्यामुळे शेजारच्या खाटेवरचा सल्ला स्वतःला लागू करू नका.

निकोटिन गम, सुपारी, मावा

तंबाखू सोडण्यासाठी निकोटिन गम घेत असाल तर सर्जनला आधीच सांगा, स्वतःहून सुरू किंवा बंद करू नका. तंबाखूमुळे बायपासच्या जोडाजवळ अल्सर होण्याचा धोका वाढतो. म्हणून गुटखा, मावा, खर्रा पूर्ण बंद. सुपारीही नको, तिचे कडक तुकडे नीट चावले जात नाहीत.

त्याऐवजी काय करावे?

- दिवसभर घोट घोट पाणी प्या. बहुतेकांना दीड ते दोन लिटरचे उद्दिष्ट दिलेले असते. जेवताना आणि जेवणानंतर अर्धा तास पाणी नको.
- दिवसातून दोनदा दात घासा, जीभ साफ करा, चूळ भरा.
- पुदिन्याची पाने घालून ठेवलेले आणि गाळलेले पाणी चालते का, हे आहारतज्ज्ञांना विचारा.

चुकून गिळले तर?

घाबरू नका. एखादा छोटा तुकडा बहुधा आपोआप निघून जातो. घशात बोट घालून उलटी काढू नका. गम विरघळेल म्हणून कोला पिऊ नका. त्याने गम विरघळत नाही, उलट गॅसच होतो. पुढील त्रास झाल्यास मात्र लगेच सर्जनला कळवा किंवा रुग्णालयात जा:

- पाणी किंवा लाळसुद्धा खाली उतरत नाही
- वारंवार उलट्या होतात
- छातीत किंवा पोटाच्या वरच्या भागात तीव्र दुखते
- ताप येतो, नाडी जलद चालते, शौचाला काळी होते

घरच्यांसाठी

"ऑपरेशन झालंय, उलट्या व्हायच्याच" असे म्हणून थांबू नका. काही दिवस सतत उलट्या झाल्या तर पाणी कमी पडतेच, शिवाय बी1 जीवनसत्त्व घटून नसांना आणि मेंदूला इजा होऊ शकते. गम गिळल्याचे सांगायला रुग्णाला संकोच वाटतो. न रागावता विचारा, आणि डॉक्टरांना खरे काय ते सांगा. कारण लवकर कळले तर उपचार सोपे होतात.