कृषी खाते : पाटी एकाची, किल्ल्या दुसऱ्यांकडे

२०२३ च्या ऑगस्टमध्ये केंद्र सरकारने कांद्याच्या निर्यातीवर ४० टक्के शुल्क लावले आणि लासलगावसह नाशिक जिल्ह्यातल्या बाजार समित्यांत लिलाव बंद पडले. डिसेंबरात निर्यातच थांबवली गेली. ती बंदी उठली ४ मे २०२४ रोजी, लोकसभेच्या निवडणुकीची धामधूम चालू असताना. अशा वेळी चाळीत कांदा राखून बसलेला शेतकरी बोल लावतो तो शेतीमंत्र्याला. पण शुल्क लावले अर्थ मंत्रालयाने, बंदीची अधिसूचना काढली वाणिज्य मंत्रालयाने आणि राखीव साठ्याची खरेदी करवून घेतली ग्राहक व्यवहार विभागाने. कृषी खात्याच्या हाती फारसे काही नव्हतेच.

खाते जन्माला आले तेही असेच.

अमेरिकेतल्या यादवी युद्धात (१८६१-६५) मँचेस्टरच्या गिरण्यांचा कापूस तुटला आणि साऱ्यांचे डोळे वऱ्हाडाकडे लागले. व्हाइसरॉय लॉर्ड मेयो १८७० मध्ये स्वतः खामगावला आला तो कापसासाठी टाकलेल्या रेल्वेच्या फाट्याच्या उद्घाटनाला. हिंदुस्थानात शेतीचे स्वतंत्र खाते काढा, ही मागणी मँचेस्टरच्या कापूसवाल्यांनी आदल्याच वर्षी केली होती. मेयोला शेतीची खरीखुरी आवड होती, पण १८७१ मध्ये निघालेल्या खात्याचे नाव पडले ‘महसूल, शेती आणि व्यापार’. आधी सारा, मग शेत. पुढच्याच वर्षी अंदमानात मेयोचा खून झाला आणि खात्याचा वाली गेला.

सचिव होता ॲलन ऑक्टेव्हियन ह्यूम. १८७६ ते ७८ च्या दुष्काळात दख्खन होरपळून निघाले आणि त्यानंतर लगेच, १८७९ मध्ये, काटकसरीच्या नावाखाली हे खातेच गुंडाळण्यात आले. ह्यूमची रवानगी अलाहाबादला झाली. (सहाच वर्षांनी मुंबईत काँग्रेसची स्थापना झाली, तिच्यामागे हाच ह्यूम होता.) दुष्काळ आयोगाने खडसावल्यावर १८८१ मध्ये खाते पुन्हा उघडले, तरी नावात महसूल पहिलाच राहिला.

या खात्याने केलेल्या कामांत एक विशेष लक्षात राहते. इथल्या शेतकऱ्याला शिकवायचे काय, हे ठरवण्यासाठी जॉन ऑगस्टस व्होएल्कर या रसायनतज्ज्ञाला १८८९ मध्ये इंग्लंडहून बोलावले गेले. तो देशभर हिंडला आणि १८९३ च्या अहवालात लिहून मोकळा झाला की हिंदी शेतकरी सरासरी इंग्रज शेतकऱ्याच्या तोडीस तोड आहे, काही बाबतींत सरसच. त्याला अक्कल कमी नाही. पाणी, खत आणि सोयी कमी आहेत. शेण शेतात न पडता चुलीत का जाते, याचेही उत्तर त्याने शोधले : जळणाला लाकूडच मिळत नाही. उपाय म्हणून त्याने गावोगाव सरपणाची राने राखायला सांगितली. म्हणजे शेतीच्या दुखण्यावर औषध सापडले ते वनखात्याच्या कपाटात!

पुढे १९०५ मध्ये बिहारमधल्या पुसा इथे संशोधन संस्था उभी राहिली. १९१९ च्या सुधारणांनी शेती प्रांतांकडे सोपवली. आजही राज्यघटनेनुसार शेती हा राज्यांचाच विषय आहे आणि बांधावर येणारा कृषी सहायक राज्याचाच नोकर.

स्वातंत्र्यानंतर डॉ. पंजाबराव देशमुख १९५२ ते १९६२ अशी दहा वर्षे केंद्रात शेतीचे मंत्री होते. १९५९-६० चे दिल्लीतले जागतिक कृषी प्रदर्शन ही त्यांची हौस आणि हिंमत. अन्नधान्याची सूत्रे मात्र दुसऱ्याच मंत्र्यांकडे असत. त्यांतल्या स. का. पाटलांनी मे १९६० मध्ये अमेरिकेशी चार वर्षांत १ कोटी ७० लाख टन धान्य आणण्याचा करार केला. त्यात बहुतेक गहूच होता. सत्ता हाती असली तरी ती बंदराकडे वळवायची की शेताकडे, हा प्रश्न उरतोच.

१९६४ मध्ये चिदंबरम् सुब्रमण्यम अन्न आणि शेती या दोन्ही खात्यांचे मंत्री झाले आणि त्यांनी ती शेताकडे वळवली. जानेवारी १९६५ मध्ये कृषी मूल्य आयोग आणि अन्न महामंडळ उभे राहिले : एकाने भाव सुचवायचा, दुसऱ्याने माल उचलायचा. कृषी संशोधन परिषदेचे प्रमुखपद बेंजामिन पिअरी पाल या शास्त्रज्ञाला मिळाले. १९६६ मध्ये मेक्सिकोहून १८ हजार टन गव्हाचे बियाणे आले. परदेशी बियाण्यावर एवढे परकीय चलन घालवायला मंत्रिमंडळात आणि संसदेत विरोध होता. सुब्रमण्यम यांनी दिल्लीतल्या आपल्या बंगल्याची हिरवळ नांगरून त्यावर तो बुटका गहू पेरला. शंका असेल त्याने अंगणात येऊन ओंबी पाहावी! बियाणे, भाव आणि खरेदी ही तिन्ही सूत्रे एका हाती असण्याचा तो काळ होता, आणि हरितक्रांतीच्या गोष्टींत शास्त्रज्ञांच्या पराक्रमापुढे ही प्रशासकीय बाजू उगाच झाकली जाते.

त्यानंतर वाटण्या होत राहिल्या. धान्यखरेदी अन्न मंत्रालयाकडे, खत रसायन मंत्रालयाकडे, धरणे जलशक्तीकडे. २०१९ मध्ये पशुपालनाचे मंत्रालय वेगळे झाले, २०२१ मध्ये सहकाराचे. २०१५ मध्ये खात्याच्या नावात ‘शेतकरी कल्याण’ आले. पीकविमा, वर्षाला ६ हजार रुपयांचा सन्मान निधी, संशोधन आणि हमीभावाची शिफारस ही कामे त्याच्याकडे आहेत. पण हमीभावावर शिक्का मारते ती मंत्रिमंडळाची समिती, आणि त्या भावाने माल कोण, कुठे, किती उचलणार हे पुन्हा दुसरीकडेच ठरते.

(पुढील लेखांकात : हमीभावाची शिफारस कशी तयार होते, आणि त्यात कापसाचा खर्च कसा मोजतात)